चिकापासून रुळापर्यंत : रबर आणि मुद्रण यांच्या सोयरिकीचा इतिहास

झाडाच्या अंगावर नेमकी जखम करावी, ती इतकीच करावी की रस वाहावा पण झाड मरू नये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झाडाकडे जाऊन पातळ कापाने तीच जखम ताजी करावी, ही विद्या आपल्या ज्ञातीला नवी नाही. वसईपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोमंतकातही माडाची पोय तासून माडी उतरविणाऱ्या भंडाऱ्याने ती पिढ्यान् पिढ्या जतन केली. तिच्याकडे कोणी शास्त्र म्हणून पाहिले नाही. पाहिले ते केवळ करवसुलीच्या दृष्टीने. १८७८च्या अबकारी कायद्याने या धंद्याभोवतीचा फास आवळला आणि १९४९च्या दारूबंदीच्या कायद्याने आपल्या अनेक कुटुंबांचा तो चालता धंदा बसविला. कायद्याचे बरेवाईट हा आजचा विषय नव्हे. हातात कसब असूनही त्या कसबाचे 'का' आणि 'कसे' ज्याला ठाऊक नसते, त्याचे कसब एका फर्मानाने निकामी होते, एवढेच येथे नोंदवून मूळ विषयाकडे वळतो.

तो विषय वरवर पाहता दूरचा वाटेल. रबराच्या झाडाचा चीक घेऊन माणसाने त्यापासून टिकाऊ पदार्थ कसा सिद्ध केला आणि त्याच पदार्थाचे रूळ होऊन ते छापखान्यात व कापडाच्या गिरणीत कसे जाऊन बसले, याची ही हकिकत आहे. परंतु मराठी मुद्रणाच्या प्रारंभीच ज्यांचे नाव आदराने घ्यावे लागते ते गणपत कृष्णाजी आपल्याच ज्ञातीतले. झाडाचा रस काढणारा एक भंडारी आणि कागदावर शाईचा रूळ फिरविणारा दुसरा भंडारी, अशी ही दोन टोके आपल्या घरातच आहेत. तेव्हा हा इतिहास आपण वाचावा हे उचितच होय.

रडणारे झाड

रबराचे मूळ स्थान अमेरिका खंड. तेथील मूळ रहिवासी साडेतीन हजार वर्षांपूर्वीही रबराचे चेंडू करीत असत, हे उत्खननात सापडलेल्या चेंडूंवरून सिद्ध झाले आहे. इतकेच नव्हे, तर मेक्सिकोकडील लोक कच्च्या चिकात एका वेलीचा रस मिसळून त्याचा चिवटपणा वाढवीत, हे १९९९ साली अमेरिकन संशोधकांनी प्रयोगांती दाखवून दिले. म्हणजे रबरावर प्रक्रिया करण्याची कल्पना युरोपियनांची नव्हे. ती ज्यांची होती त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

१७३६ साली ला कोंदामिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतून या पदार्थाचे नमुने पॅरिसच्या विद्वत्सभेकडे पाठविले. तेथील लोकांच्या भाषेतील 'काऊचूक' या नावाचा अर्थ 'रडणारे झाड' असा सांगतात. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील लोक मातीच्या साच्यावर चिकाचे थरावर थर देऊन ते धुरावर सुकवीत आणि त्याच्या बाटल्या व पादत्राणे करीत. युरोपात मात्र या वस्तूचा बराच काळ एकच उपयोग रूढ होता. १७७० साली प्रीस्टले या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तिने शिसपेन्सिलीचे लेखन पुसले जाते असे नमूद केले, आणि 'घासणारे' या अर्थी 'रबर' हे नाव तिला चिकटले. आपली मुले ज्याला खोडरबर म्हणतात त्याच्या नावातच हा इतिहास दडला आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. माडी हा झाडाचा अन्नरस होय. रबराचा चीक तसा नव्हे. तो सालीतील स्वतंत्र नलिकांतून वाहतो. या नलिका सालीत असतात आणि तिच्याखाली लाकूड वाढविणारा नाजूक थर असतो. चीक काढणाऱ्याचा कोयता त्या थरापर्यंत गेला की झाडाला कायमचा व्रण पडतो, आणि वरवर फिरला तर चीक येत नाही. पहाटेच्या गारव्यात जाऊन जुन्या कापाचा केवळ एखाद मिलिमीटर पापुद्रा काढावयाचा, हे सारे कौशल्य मनगटाचे. सिंगापूरच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हीच पद्धत शास्त्रीय प्रयोगांनी निश्चित केली. तोच काप रोज पातळ ताजा करावा, हे आपल्या वाडवडिलांना पोयीच्या बाबतीत केव्हाच ठाऊक होते. रिडले यांनी ते मोजले, तुलना केली आणि लिहून ठेवले. फरक असेल तर तो एवढाच. पण तो लहान फरक नाही.

हॅनकॉकचे 'लोणचे'

युरोपात पोचेपर्यंत चीक गोठून त्याचे गोळे होत. त्यांना हवा तो आकार देता येत नसे. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये त्याचा लेप दिला व पावसात न भिजणाऱ्या कपड्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास लंडनमध्ये टॉमस हॅनकॉक हा गाड्या बांधणाऱ्यांच्या धंद्यातला गृहस्थ रबराच्या पट्ट्या कापून हातमोजे व पायमोज्यांना लावीत असे. कापताना कपटे फार पडत. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्याने एक लाकडी पोकळ नळकांडे घेतले, त्याला आतून दाते बसविले, आणि त्यात दातेरी रूळ बसवून तो हाताने फिरविण्याची सोय केली. कपट्यांचा आणखी बारीक चुरा होईल अशी त्याची अपेक्षा. झाले उलटेच. चुरा न होता सगळे कपटे एकमेकांत मिसळून त्यांचा गरम, एकजीव गोळा तयार झाला.

हे यंत्र १८२०-२१च्या सुमाराचे. रबर-उद्योगातील पहिले खरे यंत्र ते हेच. त्याचे मर्म पुढे शंभर वर्षांनी उकलले. रबराचे रेणू म्हणजे अतिशय लांब धागे होत, असा सिद्धांत जर्मनीच्या श्टाउडिंगर यांनी १९२० नंतर मांडला व त्याबद्दल त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हॅनकॉकच्या यंत्रात हे धागे ताणले जाऊन तुटत, आखूड होत आणि म्हणून रबर मऊ पडे. हॅनकॉकला यातले काही ठाऊक नव्हते. पण आपल्या हाती काय लागले हे त्याने पुरते ओळखले होते. त्याने या यंत्राचे पेटंट घेतलेच नाही. पेटंट घ्यावयाचे म्हणजे कृती उघड करावयाची. त्याऐवजी त्याने कामगारांकडून गुप्ततेची हमी घेतली आणि यंत्राला मुद्दाम 'लोणचे' या अर्थाचे फसवे इंग्रजी नाव दिले. सुमारे बारा वर्षे हे गुपित टिकले.

आपल्याकडील कारागीरही गुपित राखीत. बाप मुलाला सांगे, तेही बहुधा अखेरच्या दिवसांत. परंतु हॅनकॉकने गुपितावर कारखाना उभा केला, मॅकिंटॉशशी भागीदारी केली, आणि १८५७ साली सर्व प्रयोगांचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आपल्याकडचे गुपित चितेबरोबर जळाले. त्याचे ग्रंथालयात गेले.

दोन रुळांमधील रबर

हॅनकॉकच्या यंत्राने गोळा झाला. पण गोळ्याचे पातळ पान कसे करावयाचे? त्याचे उत्तर अमेरिकेतील रॉक्सबरी येथील एडविन शॅफी याने दिले. आपल्या वाचकांनी उसाचा चरक पाहिला असेल. दोन जड रूळ एकमेकांना लागून उलट दिशांनी फिरतात व मध्ये घातलेला ऊस पिळून निघतो. शॅफीने असेच पोलादी-बिडाचे पोकळ रूळ घेतले, त्यांत वाफ सोडून ते तापविले आणि एका रुळाचा वेग दुसऱ्याहून अधिक ठेवला. या वेगाच्या फरकामुळे मधले रबर केवळ दाबले जात नाही, तर ते फाडले, मळले व मिसळले जाते. दुसरे यंत्र अनेक रुळांच्या उतरंडीचे. त्यातून रबराचे एकसारख्या जाडीचे पान निघे, किंवा कापडावर थेट रबराचा थर चढे. नॅफ्था किंवा टर्पेंटाईन यांत रबर विरघळविण्याची यातायातच उरली नाही. १८३६ साली त्याने या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे वजन सुमारे तीस टन होते आणि लोक त्याला 'राक्षस' म्हणत. आजही टायरच्या कारखान्यात जा, चपलांच्या तळव्यांच्या कारखान्यात जा, शॅफीच्या दोन रुळांचे वंशज तेथे फिरताना दिसतील.

यंत्र उत्तम होते. माल मात्र वाईट निघाला. कच्चे रबर थंडीत दगडासारखे ताठ होते आणि उन्हाळ्यात चिकट होऊन वितळते. रॉक्सबरी कंपनीचे बूट, कोट व टोप्या एका कडक उन्हाळ्यात दुर्गंधीयुक्त चिखल होऊन परत आल्या. ग्राहक पैसे मागू लागले. ज्या धंद्यात काल लोक शेअर घेण्यासाठी धडपडत होते तो धंदा बघता बघता बदनाम झाला. रूळ सापडले होते. रुळांतून जावयाचे रबर अद्याप सापडावयाचे होते.

गुडइयरचे कर्ज

१८३४ साली चार्ल्स गुडइयर नावाचा दिवाळे निघालेला लोखंडी सामानाचा व्यापारी या कंपनीच्या न्यूयॉर्कच्या दुकानात शिरला. रसायनशास्त्राचे शिक्षण त्याला नव्हते. पण कच्चे रबर पक्के करण्याचा त्याने जो ध्यास घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. कर्जापायी तो फिलाडेल्फियाच्या तुरुंगात गेला तेव्हा त्याने पत्नीकडून रबराचा गोळा आणि घरचे लाटणे मागवून घेतले व कोठडीतच रबर मळण्याचे प्रयोग आरंभिले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शॅफीचा तीस टनांचा राक्षस आणि क्लॅरिसा गुडइयर हिच्या स्वयंपाकघरातले लाटणे ही एकाच कुळातली यंत्रे होत! घरातील सामान गेले, मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकावी लागली. टपालखात्याच्या दीडशे थैल्या करण्याचे काम मिळाले, तर त्या थैल्या उन्हाळ्यात आपोआप गळून पडल्या.

नॅथॅनियल हेवर्ड नावाच्या एका कामगाराने रबरावर गंधक पसरून ते उन्हात ठेवण्याची युक्ती काढली होती. तिचे हक्क गुडइयरने विकत घेतले. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या चुलीला लागला. तो वितळला नाही, कातड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक अरुंद पट्टी अशी होती की ती ना चिकट, ना ठिसूळ. गुडइयरने ओळखले की उष्णता, जिला आजवर सगळे रबराचा शत्रू मानीत होते, तीच योग्य मात्रेत दिली तर मित्र ठरते.

याचे कारण आज आपण सोप्या शब्दांत सांगू शकतो. सुटे धागे एका ढिगात पडले असतील तर ते एकमेकांवरून घसरतात. ढीग ओढला की पसरतो. त्याच धाग्यांना जागोजाग गाठी मारल्या की त्यांचे जाळे होते. जाळे ताणले तरी पुन्हा पूर्वस्थितीवर येते. गंधक व उष्णता मिळून रबराच्या लांब रेणूंमध्ये अशाच गाठी मारतात. गाठी थोड्या असतील तर रबर मऊ व लवचीक. गंधक भरपूर घालून गाठी दाट केल्या तर काळाकभिन्न, लाकडासारखा टणक एबोनाईट. गुडइयरच्या भावाने, नेल्सनने, या टणक रबराचे पेटंट १८५१ साली घेतले.

उष्णतेची मात्रा साधण्यात आणखी काही वर्षे गेली. १८४४च्या जूनमध्ये गुडइयरला अमेरिकेत पेटंट मिळाले. पण दरम्यान त्याच्या पक्क्या रबराचे तुकडे इंग्लंडमध्ये हॅनकॉकच्या हाती पडले होते. हॅनकॉकने स्वतः प्रयोग करून तीच प्रक्रिया साधली आणि १८४३च्या नोव्हेंबरात, म्हणजे गुडइयरच्या अर्जाआधी काही आठवडे, इंग्लंडमध्ये आपला हक्क नोंदविला. त्याच्या ब्रॉकडन नावाच्या मित्राने रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून या प्रक्रियेला 'व्हल्कनायझेशन' असे नाव दिले. इंग्रज न्यायालयात गुडइयर हरला. अमेरिकेत मात्र १८५२ सालच्या प्रसिद्ध खटल्यात, परराष्ट्रमंत्रिपदावर असलेल्या डॅनियल वेब्स्टरने त्याची बाजू मांडली व तो जिंकला. जिंकूनही हाती काही राहिले नाही. १८५५ साली पॅरिसमध्ये तो पुन्हा कर्जापायी तुरुंगात गेला, आणि फ्रान्सच्या सम्राटाने दिलेले मानचिन्ह त्याला तुरुंगातच मिळाले. १८६० साली तो मरण पावला तेव्हा त्याच्यामागे सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होते. त्याचे नाव धारण करणारी टायरची प्रसिद्ध कंपनी १८९८ साली निघाली. तिच्याशी त्याचा वा त्याच्या वंशजांचा काही संबंध नाही.

ही हकिकत ऐकून कोणी म्हणेल, संशोधकाचे नशीबच तसे. पण नशिबावर सारा बोजा टाकणे बरोबर नव्हे. नमुना हातचा सोडण्यापूर्वी हक्काची नोंद करावी, ही व्यवहारातली गोष्ट हॅनकॉकने जाणली, गुडइयरने जाणली नाही. शोधाइतकेच त्याच्या रक्षणाचेही ज्ञान लागते.

छापखान्यातला रूळ

आता मुद्रणाकडे वळू. गुटेनबर्गच्या काळापासून साडेतीनशे वर्षे खिळ्यांवर शाई लावण्याचे साधन म्हणजे लोकर वा केस भरलेले कातड्याचे गोळे. दोन हातांत दोन गोळे घेऊन ते शाईत थापावयाचे व मग खिळ्यांवर थापावयाचे. वेग वाढवावयाचा तर हे काम यंत्राकडे जावयास हवे, आणि यंत्राला हवा रूळ. कातडे रुळावर गुंडाळले तर सांध्याची रेघ कागदावर उमटते. १८१३ साली इंग्लंडमधील डाँकिन व बेकन यांनी आपल्या यंत्रात सरस आणि काकवी एकत्र शिजवून साच्यात ओतलेला रूळ वापरला. त्याला सांधा नव्हता. तो मऊ होता व शाई सारखी पसरे. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १८१४ रोजी, 'द टाइम्स'चा अंक कोनिग याच्या वाफेच्या यंत्रावर ताशी अकराशे प्रतींच्या वेगाने निघाला. मुद्रणाचे नवे युग सुरू झाले.

सरसाच्या रुळाचा मोठा दोष म्हणजे हवामान. उन्हाळ्यात तो पाघळे, पावसाळ्यात ओल धरून फुगे, हिवाळ्यात आखडे. म्हणून मुद्रक उन्हाळ्यासाठी घट्ट व हिवाळ्यासाठी मऊ अशा निरनिराळ्या मात्रेचे रूळ ओतीत. मुंबईच्या दमट हवेत हे किती त्रासाचे झाले असेल याची कल्पना करावी. जुने रूळ वितळवून पुन्हा ओतणे हे छापखान्याचे नित्यकर्मच असे.

शिळाछापाचा मार्ग वेगळा. जर्मनीच्या झेनेफेल्डर याने १७९६च्या सुमारास शोधलेली ही कला तेल व पाणी मिसळत नाहीत या साध्या तत्त्वावर चालते. दगडावर तेलकट शाईने लिहावे, दगड ओला करावा, आणि शाईचा रूळ फिरवावा. शाई केवळ लिहिलेल्या जागी धरते. या कलेचा मराठीत पहिला मोठा उपासक म्हणजे गणपत कृष्णाजी. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी हे काम पाहिले. पाहून स्वस्थ न बसता त्यांनी स्वतः लाकडी यंत्र करविले, दगड मिळविले, आणि शाईची कृती स्वतःच्या प्रयोगांनी बसविली. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवत नसत असा तो काळ. त्या काळात एका भंडाऱ्याने छापलेले पंचांग घरोघर गेले, ही गोष्ट सामाजिक इतिहासातही नोंद करण्यासारखी आहे. पंचांग सांगण्याचा अधिकार ज्यांना नव्हता त्यांच्यातल्याच एकाने ते सर्वांच्या हाती दिले. यासाठी त्यांच्याजवळ भांडवल नव्हते, परदेशी शिक्षण नव्हते. होती ती पाहिलेली गोष्ट आपल्या हातांनी करून पाहण्याची जिद्द. हॅनकॉकचे लाकडी नळकांडे आणि गणपत कृष्णाजींचे लाकडी यंत्र यांच्यामध्ये जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे.

रबर आले

व्हल्कनायझेशननंतर रबर गिरणीत व छापखान्यात शिरले. कापड छापण्याचे रूळयंत्र टॉमस बेल या स्कॉटिश माणसाने १७८३ सालीच सिद्ध केले होते. त्यात नक्षी कोरलेले तांब्याचे रूळ एका मोठ्या दाबरुळावर टेकतात व मधून कापड जाते. तांबे आणि लोखंड दोन्ही कठीण. कापडाचा प्रत्येक धागा शाईला भेटावयाचा तर मध्ये काहीतरी लवचीक हवे. ती जागा सुती कापडाचे थर रबराने जोडून केलेल्या पट्ट्याने घेतली. गिरण्यांत त्याला मॅकिंटॉशचेच नाव पडले. सूतगिरणीतही ओढरुळांवर प्रथम मेंढीचे कातडे चढवीत आणि त्यासाठी 'रोलर कव्हरिंग'चे स्वतंत्र खाते असे. पुढे त्या कातड्याची जागा कृत्रिम रबराच्या नळ्यांनी घेतली.

छापखान्यातल्या शाईच्या रुळांत नैसर्गिक रबर लवकर शिरू शकले नाही, याचे कारण शाई. छापण्याची शाई तेलकट असते आणि नैसर्गिक रबर तेलात फुगते. ही अडचण कृत्रिम रबराने दूर केली. १९३१ साली अमेरिकेत निओप्रीन बाजारात आले आणि त्याच दशकात जर्मनीत नायट्राईल रबर निघाले. ही दोन्ही तेलाला दाद देत नाहीत. आजच्या छपाई-यंत्रातील काळे, निळे वा तपकिरी मऊ रूळ बहुतांशी याच घराण्यातले.

असा रूळ तयार कसा होतो हे थोडक्यात सांगतो, कारण या कामात आपल्या तरुणांना आजही वाव आहे. प्रथम पोलादी दांडा खरवडून स्वच्छ करतात व त्याला चिकटद्रव्य लावतात. भारी कामाच्या रुळास तळाशी एबोनाईटचा थर देतात, म्हणजे वरचे मऊ रबर पोलादापासून सुटत नाही. मग शॅफीच्या जातीच्या यंत्रातून काढलेली रबराची पातळ पाने त्यावर, मध्ये हवा न राहील अशा बेताने, गुंडाळतात. वरून ओल्या सुती पट्टीचा करकचून आवळता वेढा देतात आणि सारा रूळ वाफेच्या बंद भांड्यात शिजवितात. येथे गुडइयरच्या गाठी बसतात. थंड झाल्यावर पट्टी सोडून सहाणेच्या चाकावर रूळ घासून गोल करतात. मग त्याचा कठीणपणा मापकाने पाहतात. शाईच्या रुळाचा आकडा सामान्यतः २५ ते ४० या दरम्यान येतो, आणि दाबाचे रूळ याहून बरेच टणक ठेवतात. घासताना केसाएवढीही चूक झाली तर छपाईत पट्टे उमटतात. यंत्र कितीही चांगले असो, अखेर बोटाने रुळावरून हात फिरवून 'बसला' म्हणणारा कारागीर लागतोच.

चुकलेला कागद

रबर व छपाई यांची खरी सोयरीक मात्र एका चुकीतून झाली. १९०४च्या सुमारास न्यूजर्सी प्रांतातील नटली गावी आयरा रूबेल हा मुद्रक शिळाछापाच्या यंत्रावर काम करीत होता. यंत्रातील दाबरुळावर रबराचे आच्छादन होते. कागद सरकविणाऱ्याकडून अधूनमधून एखादा कागद चुके, आणि शाईचा ठसा कागदाऐवजी त्या रबरावर उमटे. पुढचा कागद आला की त्याच्या पाठीवर रबराचा ठसा उठे व तो कागद फुकट जाई. असे फुकट कागद जगातल्या सर्व छापखान्यांत निघत होते. रूबेलने तो फेकण्यापूर्वी निरखून पाहिला. रबराकडून उमटलेला ठसा दगडाकडून उमटलेल्या ठशापेक्षा अधिक स्पष्ट होता! कारण उघड आहे. कठीण पृष्ठ कागदाच्या खडबडीत अंगाच्या उंचवट्यांनाच स्पर्श करते; रबर खळग्यांतही शिरते. त्याने चुकीलाच पद्धत केले. पत्र्यावरून रबरावर, रबरावरून कागदावर, हेच 'ऑफसेट'. त्याच सुमारास हॅरिस बंधूंनीही ओहायोमध्ये स्वतंत्रपणे असेच यंत्र तयार केले. मध्यस्थ पृष्ठावरून ठसा देण्याची कल्पना पत्र्यावर छापण्यासाठी इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले याने १८७५ सालीच पेटंटात मांडली होती. पण कागदासाठी तिचे मोल ओळखले ते रूबेलने. १९०८ साली तो वारला. आपल्या शोधाचा दिग्विजय त्याला पाहावयास मिळाला नाही.

आपण हाती धरलेली स्मरणिका, मुलांची पाठ्यपुस्तके, भिंतीवरचे कालदर्शक, रोजचे वर्तमानपत्र ही सारी बहुतांशी या रबरी आच्छादनावरूनच कागदावर उतरतात. पण याच शोधाने खिळे जुळविणाऱ्यांचा धंदा मोडला, हेही विसरून चालणार नाही. गिरगाव-परळच्या गल्ल्यांतील कित्येक छापखान्यांत विसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाचे खिळे भंगाराच्या भावाने गेले. तसेच १९८२च्या संपानंतर गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. माडावरून उतरलेला आपला माणूस गिरणीत गेला. गिरणीतून व छापखान्यातूनही त्याला बाहेर पडावे लागले. शंभर-सव्वाशे वर्षांत तीन वेळा हातचे कसब निकामी होणे ही लहानसहान आपत्ती नव्हे.

आपल्यापुढील प्रश्न

रबराच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. १८८५ ते १९०८ या काळात बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या काँगो संस्थानात रबर गोळा करविण्यासाठी माणसांचे हात तोडले गेले. अगणित लोक प्राणास मुकले. १८७६ साली हेन्री विकमने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांपैकी तीन हजारांहूनही कमी रुजल्या. त्यांच्या रोपांपासून सिंहल व मलाया येथील मळे वाढले, आणि ब्राझीलची मक्तेदारी बुडाली. १९०२ साली केरळात पेरियार नदीकाठी हिंदुस्थानातला पहिला व्यापारी मळा उभा राहिला. गेल्या काही दशकांत आपल्या सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूस, आणि गोव्यातही रबराचे मळे झाले आहेत. तेथे केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेतला. ज्या भूमीत झाडाला कुशल काप देणारी जात शतकानुशतके राहिली, त्या भूमीत कापाची ही नवी विद्या दुसऱ्यांनी आणावी, याचा दोष त्यांना नाही. ते कौतुकास पात्र आहेत. प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे.

गणपत कृष्णाजींनी यंत्र पाहिले आणि स्वतः करून पाहिले. हॅनकॉकने कपटे वाया जाऊ दिले नाहीत. गुडइयरने करपलेल्या तुकड्याची कड पाहिली. रूबेलने फुकट गेलेला कागद उलटून पाहिला. यांपैकी एकही विद्यापीठातला पंडित नव्हता. परंतु त्यांच्या शोधांचे शास्त्र ज्यांनी पुढे लिहिले, मोजले व शिकविले, त्यांच्यामुळेच ते शोध एका माणसाबरोबर संपले नाहीत. कसब आणि शास्त्र ही दोन चाके होत. आपल्या ज्ञातीकडे पहिले चाक वंशपरंपरेने होते. दुसरे आपल्याला मुद्दाम जोडावयाचे आहे.

यासाठी दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येतील. घरात कोणी वडीलधारे माडी उतरविण्याचे, गिरणीतील रूळ मढविण्याचे, खिळे जुळविण्याचे वा शाई कालविण्याचे काम केलेले असेल, तर त्यांना विचारून ते काम कसे करीत, हत्यारांना काय म्हणत, चूक झाली तर कशी ओळखीत, हे सारे लिहून काढावे. ते गेल्यावर हे कोठेही मिळणार नाही. आणि मुलगा असो वा मुलगी, हाताचे काम करण्याची आवड दिसली तर तिला कमी लेखू नये. तंत्रनिकेतनात रबर व प्लॅस्टिकचे, मुद्रणाचे, यंत्रकामाचे शिक्षण घेतलेले मूल डॉक्टर-वकिलाच्या बरोबरीने ज्ञातीच्या सत्कारास पात्र आहे.

झाड रोज थोडेसे कापले तरच रोज चीक देते. सोडून दिले तर कापावर साल धरते आणि प्रवाह बंद होतो. ज्ञानाचेही तसेच आहे. आपल्या पूर्वजांनी कोयत्याची धार कधी बोथट होऊ दिली नाही. ती धार आता बुद्धीला लावून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेच आपल्या ज्ञातिकार्याचे खरे फलित ठरेल.